हप्त्याची गोळी रोज घेतली तर? आमवात, वर्धा आणि चिठ्ठी वाचण्याची गोष्ट

ज्यांचं एसटीत नेटवर्क जातं आणि ऑडिओ अर्ध्यात अडकतो, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे ‘म्हणजे’ आणि ‘अॅक्च्युअली’ काढून टाकलेत. ते काढल्यावर भाग बराच छोटा झाला, हे मान्य.

आजची गोष्ट एका छोट्या पिवळ्या गोळीची आहे. आणि माझ्या मावशीची.

मावशी सेलू तालुक्यात राहते. दोन एकर कापूस, बांधावर तूर, एक म्हैस. वेचणीच्या दिवसांत स्वतःचं आटोपलं की दुसऱ्याच्या शेतात किलोवर वेचायला जाते. एका हिवाळ्यात तिला सकाळी उठल्यावर बोटं मिटता येईनात. दोन्ही हातांची. भाकरी थापायला बसायची तर पीठ तसंच परातीत आणि हात मांडीवर. दहा-अकरा वाजेपर्यंत जरा मोकळं व्हायचं. सगळे म्हणाले, थंडीचा वात आहे. मग शेक, तेल, एक इंजेक्शन, दुसरं इंजेक्शन. असे सात-आठ महिने गेले. शेवटी एका मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि निदान झालं: रुमॅटॉइड आर्थरायटिस. चिठ्ठी मिळाली, औषधं घेतली, मावशी घरी आली. आम्ही सगळे खूश, की चला, निदान काय आहे ते तरी कळलं.

नवव्या दिवशी मावसभावाचा फोन आला. आईच्या तोंडात छाले पडलेत, वरणभातही गिळत नाही, आणि काल रात्रीपासून ताप आहे. मी वर्ध्याहून बाइक काढली. मावशी ओट्यावर बसलेली, ओठ सुजलेले. मी औषधांची पिशवी पाहिली. दहा गोळ्यांची एक स्ट्रिप, त्यात एकच गोळी उरलेली.

मी विचारलं, “मावशी, ही रोज घेतली का तू?”

“हाओ. रोज सकायी एक. चहाच्या आधी. एकही नाही चुकवली.”

हे तिनं अभिमानानं सांगितलं. बघा, औषध नियमित घ्या, औषध चुकवू नका, हे आपण आयुष्यभर म्हाताऱ्या माणसांना सांगत असतो. तिनं तेच केलं होतं. फक्त ती गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची होती.

त्या गोळीचं नाव मेथोट्रेक्सेट. रक्त तपासलं तेव्हा पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. अॅडमिट केलं, सलाईन, उतारा म्हणून इंजेक्शनं, अकरा दिवस. मावशी वाचली. आज ती हा किस्सा हसून सांगते, पण त्या अकरा दिवसांतले दोन दिवस डॉक्टर आमच्याकडे बघून बोलत नव्हते.

आता मला सांगा, चूक कोणाची? मावशी चौथी शिकलेली आहे, म्हणून झालं असं म्हणायला सोपं आहे. पण चिठ्ठी वाचली होती माझ्या मावसभावानं, आणि तो बीकॉम आहे. ‘वीकली’ हा शब्द चिठ्ठीवर होता. इंग्रजीत, घाईत, शेपटासारखा लांबवलेला. दुकानदारानं पेनानं स्ट्रिपवर ‘१’ लिहून दिलं होतं. आणि मी? मी त्या दिवशी फोनवर विचारलं होतं, “औषधं मिळाली ना सगळी?” मिळाली, म्हणाले. मी फोन ठेवला. किती, कधी, कशी घ्यायची, हे मी विचारलंच नाही.

म्हणून आजचा विषय आहे आरोग्य साक्षरता. शब्द सरकारी वाटतो, पण अर्थ साधा आहे. आरोग्याची माहिती मिळवता येणं, ती समजणं, ती खरी की खोटी हे ताडता येणं आणि तिचा वापर करून निर्णय घेता येणं. अक्षर वाचता येणं हा त्यातला एक छोटा तुकडा. माझा भाऊ अक्षरसाक्षर होता. आणि ज्या आजाराला आयुष्यभर औषध लागतं, त्यात ही साक्षरता एकदा मिळवून भागत नाही. औषध बदलतं, डोस बदलतो, डॉक्टर बदलतात, दुकान बदलतं. दर वेळी नव्यानं वाचावं लागतं.

आधी हा आजार काय आहे

आपल्याकडे सांधा दुखला की सगळ्याला एकच शब्द: वात. जरा शिकलेला माणूस असेल तर संधिवात. आता गंमत अशी की या एका शब्दाखाली निदान चार वेगळे आजार बसलेत. वयानुसार गुडघा झिजतो तो वेगळा. त्यात चाललं की दुखतं, बसलं की बरं वाटतं. युरिक अॅसिडचा वेगळा. चिकनगुनियानंतर महिनोन् महिने सांधे धरतात तो वेगळा. २००६ साली महाराष्ट्रभर चिकनगुनियाची मोठी साथ आली होती, विदर्भातही घरंच्या घरं वाकून चालत होती. घरातल्या मोठ्यांना विचारा, आठवेल त्यांना. आणि चौथा हा रुमॅटॉइड आर्थरायटिस, ज्याला मराठीत आमवात म्हणतात.

याची खूण उलटी असते. आराम केल्यावर, म्हणजे सकाळी उठल्यावर, सांधे जास्त धरतात आणि ते आखडणं अर्धा तास, तासभर, कधी त्याहूनही जास्त टिकतं. हालचाल केली की हळूहळू सुटतं. बहुतेक वेळा दोन्ही हातांची लहान सांधी, मनगटं, पायाची बोटं. पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त. आणि तो म्हातारपणाचा आजार नाही. तीस-चाळीशीत सुरू होतो, कधी विशीतही.

किती लोकांना असेल? आपल्या महाराष्ट्रातच याचा एक नावाजलेला अभ्यास झालाय. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या टीमनं १९९६ मध्ये घरोघरी जाऊन चार हजारांवर प्रौढ माणसं तपासली. हाडं-सांधे-स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं १८ टक्क्यांच्या आसपास लोकांना. त्यात आमवात होता सुमारे अर्ध्या टक्क्याला. अर्धा टक्का ऐकून काहीच वाटत नाही. पण वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १३ लाख होती. त्यातले प्रौढ अंदाजे नऊ लाख धरा आणि भिगवणचं प्रमाण लावून बघा. साडेचार हजार माणसं येतात. हा माझा मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवरचा हिशोब आहे, कोणी सर्वेक्षण म्हणून फॉरवर्ड करू नका. पण एवढी माणसं आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत आठ तालुक्यांत विखुरलेली असतील, आणि त्यातल्या कितीतरी अजून ‘थंडीचा वात’ म्हणून शेक घेत असतील.

सात-आठ महिने शेक घेण्यात काय जातं? सांधे जातात. या आजारात सुरुवातीच्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झालं तर सांधे बऱ्यापैकी वाचतात. उशीर झाला आणि हाड खाल्लं गेलं, बोटं वाकडी झाली, की औषधानं ती सरळ होत नाहीत. जिचं पोट बोटांवर आहे, कापसाच्या बोंडातून सरकी-रुई एका झटक्यात ओढणाऱ्या बोटांवर, तिच्यासाठी हे काय आहे ते मी वेगळं सांगायला नको.

जागल्या

ऑटोइम्यून म्हणजे काय, हे मला मावशीला समजवायचं होतं. ‘स्वयंप्रतिरक्षा’ हा शब्द मी एकदा वापरून पाहिला. ती म्हणाली, “हे कोण्या परीक्षेचं नाव हाये का?”

मग मी जागलीवर आलो. रानडुकरांपासून पीक राखायला रात्री मचाणावर जागल करतात, हे वर्ध्याच्या पोराला सांगावं लागत नाही. शरीरातली रोगप्रतिकारशक्ती म्हणजे तो जागल्या. डुक्कर आलं की आरडाओरडा, दगड, फटाके. काम चोख. पण समजा एक दिवस त्याची नजर फिरली आणि अंधारात तो स्वतःच्याच बैलांवर दगड मारायला लागला. डुक्कर नाहीच, तरी रात्रभर दगड. बैल जखमी, खुंट मोडलेला, गोठा पडलेला. सांध्यांवर दगड पडले तर आमवात. थायरॉइडच्या गाठीवर पडले तर हाशिमोटो. स्वादुपिंडातल्या इन्शुलिन करणाऱ्या पेशींवर पडले तर टाइप १ मधुमेह. कातडीच्या रंगपेशींवर पडले तर कोड. आणि सगळीकडेच पडायला लागले तर ल्युपस.

मावशीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मंग त्या जागल्याले जरा निजवा न.”

झालं. एका वाक्यात तिनं उपचाराचं तत्त्व सांगितलं. मेथोट्रेक्सेट हेच करतं: जागल्याला पूर्ण काढून टाकत नाही, जरा शांत करतं. रोज दिलं तर तो गाढ झोपतो, मग खरं डुक्कर आलं तरी उठत नाही. तोंडात छाले, ताप, पेशी खाली, ते हेच.

आता याच जागेवर सगळ्यात मोठा घोटाळा होतो. कोविडनंतर आपल्या कानात एकच शब्द घुसलाय: इम्युनिटी वाढवा. कोणीही आजारी पडलं की काढा, चूर्ण, थेंब. ऑटोइम्यून आजाराच्या माणसाला वाटतं, प्रतिकारशक्तीचा आजार आहे म्हणजे माझी प्रतिकारशक्ती कमी असणार, वाढवली पाहिजे. अहो, जागल्याची नजर फिरलीय आणि तुम्ही त्याच्या हातात आणखी मोठा दगड देताय!

हे नुसतं माझं तर्कट नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या लिव्हर-तज्ज्ञांनी सहा रुग्णांचा एक अहवाल वैद्यकीय नियतकालिकात छापला. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या लिव्हरला इजा झाली होती, आणि तिचं स्वरूप ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं होतं. काहींना आधीपासून ऑटोइम्यून आजार होते. आयुष मंत्रालयानं हा निष्कर्ष मान्य केला नाही, वनस्पतीची ओळख नीट पटवली नव्हती असं म्हटलं. वाद आहे, आणि सहा रुग्ण म्हणजे फार मोठा पुरावा नव्हे, तेही खरं. पण माझ्या घरात आमवाताचा पेशंट आहे आणि त्याच्या गोळीचा लिव्हरवर परिणाम होऊ शकतो म्हणून दर काही आठवड्यांनी रक्त तपासावं लागतं. अशा घरात मी तरी डॉक्टरांना न विचारता गुळवेलाचा काढा उकळणार नाही. आणि घेतच असाल तर डॉक्टरांना सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका. लपवलेल्या काढ्यामुळे रिपोर्ट बिघडला की बिचारी चालू गोळी बंद होते.

गोळीचा इतिहास, थोडक्यात

हा भाग मी ऑडिओत जरा जास्तच लांबवला होता, कारण मला तो आवडतो.

मेथोट्रेक्सेट तयार करणाऱ्या टीमचा प्रमुख होता आपला माणूस, आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेला यल्लाप्रगडा सुब्बाराव. अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या टीमनं १९४० च्या दशकात आधी फॉलिक अॅसिड बनवलं आणि मग फॉलिक अॅसिडला अडवणारी औषधं. त्यातलं एक वापरून सिडनी फार्बर या डॉक्टरांनी १९४७-४८ मध्ये रक्ताच्या कॅन्सरच्या लहान मुलांवर उपचार केले. मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातलं. कॅन्सरला मोठ्या डोसमध्ये, आणि आमवाताला अगदी लहान डोसमध्ये, तोही आठवड्यातून एकदाच. अमेरिकेत आमवातासाठी त्याला अधिकृत मान्यता मिळाली १९८८ मध्ये.

म्हणूनच तुम्ही औषधाचं नाव गुगल केलं की पहिल्यांदा कॅन्सर दिसतो. पोरगा मोबाइल बघतो, घाबरतो, आईला सांगतो, आणि आई गोळी बंद करते. हे रोज कुठे ना कुठे होतंय. गुगल खोटं सांगत नाही, अर्धं सांगतं. डोस किती आणि कशासाठी, हे आपल्यालाच शोधावं लागतं.

आणि सोबतची दुसरी गोळी, फॉलिक अॅसिड? तिचं मूळ तर मुंबईत आहे. लुसी विल्स नावाची ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आली, गिरणीकामगार गरोदर बायकांना होणाऱ्या भयंकर रक्तक्षयाचा शोध घ्यायला. तिला आढळलं की यीस्टच्या अर्कानं, म्हणजे मार्माइटसारख्या स्वस्त पदार्थानं, या बायका बऱ्या होतात. १९३१ मध्ये तिनं ते छापलं. त्या अर्कातला अनोळखी घटक पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. परळच्या गिरणीतल्या बायकांच्या रक्तातून सापडलेली गोष्ट आज सेलूच्या मावशीच्या डबीत आहे. मेथोट्रेक्सेटचे दुष्परिणाम कमी करायला डॉक्टर तीच देतात, बहुतेक वेळा मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून.

इथे एक धोका नीट ऐका, म्हणजे वाचा. दोन्ही गोळ्या अनेकदा पिवळ्या आणि बारीक असतात. आणि नावं? मेथोट्रेक्सेटचा आपल्याकडचा एक खूप चालणारा ब्रँड आहे फॉलिट्रॅक्स. फॉलिक अॅसिडचा तसाच चालणारा ब्रँड फॉलवाइट. दोन्ही ‘फॉल’नं सुरू होतात. एक आठवड्याला एकदा, दुसरी बाकीच्या दिवशी. अदलाबदल झाली की काय होईल ते मावशीनं सांगितलंच आहे. म्हणून ब्रँडच्या नावावर जाऊ नका. स्ट्रिपवर बारीक अक्षरात खरं औषध लिहिलेलं असतं, ते बघा. डोळ्यांना दिसत नसेल तर मोबाइलनं फोटो काढून मोठा करा. त्यासाठीच घेतलाय तो.

१-०-१ मध्ये आठवडा बसत नाही

आपल्याकडे औषधाची एक भाषा आहे जी चौथी शिकलेल्यालाही येते: १-०-१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. फार छान भाषा आहे, मी तिची टिंगल करणार नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी कशाचीच गरज नाही. पण तिच्यात एक भोक आहे. ती फक्त एका दिवसाची आहे. तिच्यात आठवडा बसतच नाही. ज्या क्षणी कोणी मेथोट्रेक्सेटसमोर १-०-० लिहितं, त्या क्षणी वाचणारा ‘रोज सकाळी’ असंच वाचणार, कारण त्यानं आयुष्यभर तसंच वाचलंय. बाजूला कोपऱ्यात ‘वीकली’ असेल, पण डोळा आकड्यावर जातो.

मग उपाय? वार. ‘आठवड्यातून एकदा’ असंही नको, सरळ वाराचं नाव. सोमवारी. किंवा गुरुवारी. आमच्याकडे आता ती ‘बाजारची गोळी’ झालीय. गावचा आठवडी बाजार ज्या वारी, त्या वारी रात्री जेवण झाल्यावर. मावशी बाजार विसरणं शक्य नाही. हे तिनं स्वतः ठरवलं, डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी चिठ्ठीवर मराठीत वार लिहून दिला. आणि एक हिशोब भावाला पाठ करायला लावला: महिन्यात बाजार चार किंवा पाच. एका वेळी एकच गोळी असेल तर दहाची स्ट्रिप दोन महिने पुरली पाहिजे. दहा दिवसांत संपली तर घोटाळा आहे. काहींना एका वारी दोन-तीन गोळ्या असतात, तिथे हिशोब वेगळा, पण हिशोब हवाच.

हे वाचताना कोणाच्या लक्षात आलं की आपल्या घरात कोणी ही गोळी रोज घेतंय, तर पुढची गोळी देऊ नका आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा, स्ट्रिप सोबत घेऊन. छाले पडायची वाट बघू नका. याला उतारा आहे, फॉलिनिक अॅसिड नावाचा, पण तो वेळेत लागतो.

आणखी दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो. लघवीच्या जळजळीला किंवा जुलाबाला गावात सर्रास मिळणारी सेप्ट्रानची गोळी मेथोट्रेक्सेटसोबत धोकादायक आहे. कुठल्याही दवाखान्यात गेलात तर आधी सांगा, ‘मी मेथोट्रेक्सेटवर आहे’. आणि ही गोळी पोटातल्या बाळाला घातक आहे. मूल हवं असेल तर ती काही महिने आधीच डॉक्टरांच्या सल्ल्यानं थांबवून दुसरं औषध घ्यावं लागतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण लग्नात आजार लपवला जातो. लपवलेला आजार म्हणजे लपवलेली गोळी, आणि लपवलेल्या गोळीबद्दल नवरा-सासू काही विचारू शकत नाहीत. चोवीस-पंचवीसची मुलगी गोळी माहेरहून चोरून आणते आणि दिवस गेल्यावर कोणाला सांगावं ते तिला कळत नाही. यात आरोग्य साक्षरता फक्त तिचीच कमी आहे का?

लगेच गुण येणारी पुडी

मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलं नाही तर माणूस तीन आठवड्यांत म्हणतो, फायदा नाही. मग कोणीतरी सांगतं, अमुक गावात एक जण पुडी देतो, दोन दिवसांत माणूस उठून चालतो. आणि खरंच चालतो! मी असे लोक पाहिलेत. कारण अशा बेनामी पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं.

स्टेरॉइड वाईट नाही. डॉक्टरही देतात, मोजून, काही दिवस, मग हळूहळू कमी करत. पुडीत ना नाव असतं ना माप. महिनोन् महिने घेतली की चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं विसरतं. मग एक दिवस पुडीवाला गावाला जातो, पुडी संपते, आणि माणूस उलट्या, चक्कर, बीपी खाली अशा अवस्थेत पडतो. म्हणून पुडी चालू असेल तर एकदम बंद करू नका. डॉक्टरांकडे जाऊन खरं सांगा, ते उतरवत नेतील.

लोकांना अक्कल नाही म्हणून ते पुडी घेतात, असं मला वाटत नाही. पुडीवाला बसवतो, ऐकतो, मराठीत बोलतो आणि पाच मिनिटं देतो. ओपीडीत पन्नासावा नंबर असलेल्याला ती पाच मिनिटं कुठून मिळणार?

श्वेतकुष्ठ नावाची चूक

थोडं विषयांतर करतो, पण वर्ध्यात बसून हे न बोलणं बरोबर नाही. कोड हाही ऑटोइम्यून आजार, वर आलंच. पण जुन्या पुस्तकांत त्याला श्वेतकुष्ठ म्हटलंय. एका चुकीच्या नावानं किती मुलींची लग्नं मोडली असतील, मोजता येणार नाही. कोडाचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही, तो स्पर्शानं पसरत नाही. फरक ओळखायची खूण सोपी आहे: कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि तिथे टोचलं तर कळतं. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट असतो आणि तिथली संवेदना कमी होते किंवा जाते. शंका आली तर दाखवा, कारण कुष्ठरोग असला तरी तो औषधानं पूर्ण बरा होतो.

आणि ही भीती घालवायचं काम या जिल्ह्यात फार आधी सुरू झालं. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम उभं केलं. परचुरे शास्त्री सेवाग्रामच्या आश्रमात आले तेव्हा गांधीजी स्वतः त्यांच्या जखमा धूत, मालिश करत. तरी आजही कोड आलेल्या पोरीच्या हातचा चहा न घेणारे लोक मी याच जिल्ह्यात पाहिलेत.

ज्वारी देऊन मिळवलेला प्रश्न विचारायचा हक्क

सेवाग्रामला आता मेडिकल कॉलेज आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू केलं. सावंगीला दुसरं. एका जिल्ह्यात दोन मेडिकल कॉलेजं, म्हणजे आपण नशीबवान. पण मला सगळ्यात भारी वाटते ती डॉ. उल्हास जाजू आणि सहकाऱ्यांनी सेवाग्रामच्या आसपासच्या गावांत उभी केलेली ज्वारीवरची विमा योजना. हंगामात प्रत्येक घरानं ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, ज्याच्याकडे जास्त शेती त्यानं जास्त, आणि त्या बदल्यात कस्तुरबा रुग्णालयात उपचार. पैसे नव्हते, धान्य होतं, म्हणून धान्य.

यात मला साक्षरता कुठे दिसते? ज्वारी दिलेला माणूस दवाखान्यात उपकार मागायला येत नाही. तो प्रश्न विचारू शकतो. आणि आरोग्य साक्षरतेची सुरुवात बहुतेक वेळा एका न लाजता विचारलेल्या प्रश्नापासून होते. ‘डॉक्टरसाहेब, हे रोज घ्यायचं का?’ एवढा प्रश्न आम्ही विचारला असता तर!

डॉक्टरांसाठीही यावर जगभर वापरली जाणारी एक साधी पद्धत आहे. ‘समजलं का?’ असं विचारायचंच नाही, कारण त्यावर सगळे ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी विचारायचं, ‘घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, मला सांगा बरं.’ पेशंटनं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. चुकलं तर समजावणाऱ्याचं समजावणं कमी पडलं, पेशंटची अक्कल नाही. डॉक्टरांना वेळ नसेल तर हे काम तुम्ही करा. औषधाच्या दुकानाबाहेर, एसटी स्टँडवर, अगदी बाइकवर बसण्याआधी. ‘आई, ही कधी घेशील?’ आणि ती बोलेल ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. तिच्याच आवाजात, तिच्याच बोलीत. चिठ्ठी हरवते, आवाज राहतो.

आम्ही मावशीचा असा ऑडिओ घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पिन करून ठेवलाय. तेवीस सेकंदांचा आहे. त्यात मागे म्हैस ओरडतेय आणि मावशी सांगतेय, “बाजारच्या दिवशी रात्री एक. मंग दुसऱ्या दिवसापासून ते दुसरी पिवळी. रक्त तपासाले दर दोन महिन्यांनी. अन् हो, छाले आले तं पयले फोन कर, शेक नोको देत बसू.”

मागच्या महिन्यात तिच्या शेजारणीलाही हेच निदान झालं. ती चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आली होती, वाचून घ्यायला. मी घरी नव्हतो. मावशीनंच वाचली. म्हणजे वाचली नाही. स्ट्रिप हातात घेतली, उलटी केली आणि विचारलं, “वार कोणता सांगितला तुले?” तिला वार सांगितलाच नव्हता. दोघी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं परत दवाखान्यात गेल्या.